शब्दाची पत : भारतीय कादंबरीतील वैद्य, डॉक्टर आणि लोकविश्वास

वैद्यकावरील विश्वास व्यक्त करण्यासाठी मराठीने जे शब्द घडविले, ते बहुतेक माणसाभोवती फिरतात. एखाद्या डॉक्टराचा 'हातगुण' चांगला असतो. त्याच्या औषधाने 'गुण येतो'. दुसऱ्याचे तेच औषध 'लागू पडत नाही'. यातील गुण औषधाच्या ठायी मानलेला नाही, तो देणाऱ्या हाताच्या ठायी मानलेला आहे. औषधविज्ञानाच्या दृष्टीने ही समजूत भाबडी ठरेल. तथापि, आजारी माणूस ज्या अवस्थेत निर्णय घेतो त्या अवस्थेचे वर्णन म्हणून ती पुरेशी अचूक आहे. औषधाची परीक्षा करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. माणसाची परीक्षा करण्याची सवय मात्र त्याला जन्मभराची असते. म्हणून तो माणसावर विसंबतो, आणि फसला तर माणसावरच रागावतो.

डॉक्टरांवरील लोकविश्वास ढासळला आहे, हे विधान गेली काही दशके इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातील 'विश्वास' या शब्दाचा अर्थ तपासण्याची गरज कोणास भासत नाही. साहित्यसमीक्षाही त्याला अपवाद नाही. वैद्य आणि डॉक्टर ज्यांच्या केंद्रस्थानी आहेत अशा भारतीय कादंबऱ्यांचे वाचन प्रायः 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' या तयार साच्यात केले जाते. वैद्य म्हणजे परंपरा, डॉक्टर म्हणजे आधुनिकता. पैकी एकाचा अस्त, दुसऱ्याचा उदय आणि लेखकाची सहानुभूती पहिल्याकडे, असा हा साचा आहे. ताराशंकर बंद्योपाध्याय यांची 'आरोग्यनिकेतन' (१९५३), माणिक बंद्योपाध्याय यांची 'पुतुल नाचेर इतिकथा' (१९३६) आणि फणीश्वरनाथ रेणू यांची 'मैला आँचल' (१९५४) या तीन कादंबऱ्या एकत्र वाचल्यास हा साचा अपुरा पडतो. या तिन्हींत प्रश्न उपचारपद्धतीचा नसून शब्दाचा आहे. रोग्याच्या उशाशी बसून कोण बोलतो, त्याच्या बोलण्याची पत कशावर उभी असते आणि ती पत राखण्याची किंमत कोण चुकवतो, हा त्यांचा खरा विषय होय.

'आरोग्यनिकेतन' या कादंबरीला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, आणि बंगालीबाहेरच्या वाचकालाही तिचे नाव परिचित असते. नवग्राम या गावातील वृद्ध वैद्य जीवन मशाय हा तिचा नायक. तीन पिढ्यांची वैद्यकी, पडझडीला आलेला दवाखाना आणि नाडीवर बोट ठेवून मृत्यूची चाहूल घेण्याची विलक्षण शक्ती एवढी त्याची मिळकत. गावात सरकारी दवाखाना निघालेला आहे आणि तेथे प्रद्योत हा तरुण डॉक्टर आला आहे. 'मशाय' हे 'महाशय' शब्दाचे बोलीतले रूप. ही पदवी विद्यापीठाने दिलेली नाही, लोकांनी दिलेली आहे आणि घराण्यात चालत आलेली आहे. प्रद्योतची पदवी दुसऱ्या जातीची. ती कागदावर आहे, तिच्यामागे सरकार आहे आणि गावाने ती मान्य केली अथवा न केली तरी तिचे काही बिघडत नाही. या दोन पदव्यांमधील अंतर लक्षात घेतले तरच पुढील संघर्षाचा अर्थ लागतो.

संघर्ष पेटतो तो एका शब्दावरून. बंगालीत वैद्याने रोग्याच्या मृत्यूचे भाकीत करण्याला 'निदान हाकणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबावे लागते, कारण मराठीत निदान म्हणजे रोगाची ओळख; 'माधवनिदान' या ग्रंथनामातही तोच अर्थ आहे. संस्कृतात मात्र 'मूळ कारण' आणि 'शेवट' हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदतात, आणि बंगाली लोकव्यवहाराने त्यांपैकी दुसरा उचलला. जीवन मशाय निदान हाकतो, म्हणजे हा रोगी आता जगणार नाही, अमुक काळात जाईल, असे सांगतो. मति कर्मकाराच्या आईचा पाय दुखावतो आणि मशाय तिच्याविषयी असेच भाकीत करतो, तेव्हा प्रद्योत संतापतो. जिवंत माणसाला मृत्यूची तारीख सांगणे हे त्याच्या लेखी क्रौर्य आहे, आणि कायद्याने बंद करण्याजोगे क्रौर्य आहे. तो तिला आधुनिक उपचारांकडे नेतो आणि ती वाचते. भाकीत खोटे ठरते.

प्रचलित वाचनात हा प्रसंग नव्या वैद्यकाच्या विजयाचा मानला जातो, आणि पुढे प्रद्योतच्याच पत्नीच्या आजारात जीवन मशायचा शब्द खरा ठरतो तेव्हा तो जुन्या वैद्यकाच्या प्रतिष्ठेच्या पुनःस्थापनेचा मानला जातो. सामन्यातील गुण मोजावेत तशी ही मोजणी आहे. कादंबरीचे बळ तिच्यात नाही. मशायचा शब्द पूर्वी खरा का ठरत असे, हा प्रश्न ताराशंकर मोठ्या चतुराईने वाचकापुढे ठेवतात. विषमज्वराला १९४८-४९ पूर्वी नेमके औषध नव्हते. क्लोरोमायसेटिन हाती आले आणि आठवड्यांच्या हिशेबाने चालणाऱ्या त्या तापाचा क्रमच बदलला. ज्या रोगाची वाट ठरलेली आहे, त्या रोगात नाडी वाचणाऱ्या अनुभवी माणसाला शेवट आधी दिसू शकतो. वाट बदलण्याची शक्ती कुणाला मिळाली की आधी दिसलेला शेवट खोटा ठरू लागतो. अर्थात, जीवन मशायचे भाकीत अचूक असे ते काही अंशी वैद्यक दुबळे होते म्हणून. त्याची पत औषधाच्या अभावावर उभी होती. हे एकदा ध्यानात आले की 'जुन्या वैद्याचे दिव्य ज्ञान' या गौरवपर वर्णनाला आपोआप मर्यादा पडते, आणि मशायच्या वाट्याला आलेल्या एकाकीपणाचे कारणही कळते. त्याची विद्या कुणी खोडून काढलेली नाही. ज्या जगाविषयी ती खरी होती ते जगच पालटले आहे.

मात्र त्याच्या शब्दात एक गोष्ट अशी होती की जिची जागा क्लोरोमायसेटिनने घेतली नाही. निदान हाकणे हे चारचौघांत होत असे. वैद्य बोलला, गावाने ऐकले, आणि पुढे काय घडले तेही गावाने पाहिले. प्रत्येक भाकितागणिक वैद्य आपली पत पणाला लावीत होता. या व्यवहाराला उत्तरदायित्व हा आजचा शब्द लावल्यास तो चुकीचा ठरणार नाही. उलट प्रद्योत जे बोलतो त्याच्यामागे क्ष-किरणचित्र आहे, रक्ताची तपासणी आहे, जिल्ह्याचे इस्पितळ आहे. चूक झाली तर ती यंत्रणेत कोठेतरी विरून जाते. त्याचे ज्ञान अधिक खरे आहे आणि त्याचा शब्द कमी बांधलेला आहे. लोकांना या दोहोंतील पहिली गोष्ट पारखता येत नाही, दुसरी येते. नव्या डॉक्टराविषयीचा गावाचा संशय अज्ञानातून आलेला आहे असे म्हणणाऱ्यांनी या मुद्द्याचा विचार करावयास हवा.

रतनबाबू हे वृद्ध मुख्याध्यापक आणि त्यांचा आजारी मुलगा विपिन यांच्या प्रकरणात हा मुद्दा अधिक उत्कट होतो. विपिनवर डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. पित्याला आशा नको आहे, खरे ऐकावयाचे आहे, आणि ते सांगू शकेल असा माणूस म्हणून त्यांना जीवन मशाय आठवतो. बरे करण्यासाठी डॉक्टर आणि खरे सांगण्यासाठी वैद्य, अशी ही विभागणी आहे. तिच्यात आधुनिक वैद्यकावर केलेला जो आरोप दडलेला आहे तो आजही शिळा झालेला नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना दिवसाचे बिल तारखेनिशी मिळते. शेवट जवळ आला आहे हे वाक्य मात्र कोणी पूर्ण करीत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताराशंकरांनी मशायच्या सत्यवचनाला निर्भेळ गुण म्हणून रंगविलेले नाही. त्याचा स्वतःचा मुलगा वनविहारी डॉक्टरी शिकलेला, आणि तो अकाली मरतो. पित्याला त्याच्याही नाडीत मृत्यू वाचता आला. पत्नी आतरबौ हिचे सारे आयुष्य त्या ज्ञानाने कडवट झाले आहे. आतरबौला समीक्षेने बहुधा 'कर्कश पत्नी' म्हणून बाजूला सारले आहे. हा अन्याय होय. ज्या घरात मृत्यू आधी कळतो त्या घरात आईने कसे जगावे, हा तिचा प्रश्न आहे. वैद्याची गावातील पत जिच्या खर्चाने वाढली तीच ही स्त्री. अखेरीस स्वतःच्या मृत्यूची चाहूल घेत जीवन मशाय जातो. त्या प्रसंगाची भव्यता सर्वांनी वाखाणली आहे. आतरबौचा प्रश्न तेथेही तसाच राहतो.

मशाय परंपरेचा शुद्ध प्रतिनिधी आहे, हेही खरे नव्हे. तरुणपणी त्याला डॉक्टरीच शिकावयाची होती. पुढे रंगलाल डॉक्टर या विक्षिप्त, नदीतील प्रेतांचे विच्छेदन करून स्वतःच्या हिकमतीने विद्या मिळविणाऱ्या गृहस्थापाशी त्याने अॅलोपॅथीचे धडे घेतले. दोन पद्धतींमधील भिंत त्याच्या स्वतःच्या देहात नाही. ती समीक्षकांनी उभारली.

शब्दाची पत राखण्यासाठी माणूस कोठवर जाऊ शकतो, याचे उत्तर ताराशंकरांच्या सतरा वर्षे आधी माणिक बंद्योपाध्याय यांनी देऊन ठेवले होते, आणि ते फार निर्दय आहे. 'पुतुल नाचेर इतिकथा' या कादंबरीचा नायक शशी हा कलकत्त्याहून वैद्यक शिकून गाओदिया गावी परतलेला डॉक्टर. गावात त्याला काम आहे, मान आहे, परंतु त्याच्या विद्येवर कोणाची श्रद्धा अशी नाही. यामिनी कविराजाच्या पत्नीला देवी येतात तेव्हा तिच्यावर उपचार करणेसुद्धा त्याला नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध करावे लागते. श्रद्धेचे स्थान दुसरेच आहे. यादव पंडित हा सिद्ध पुरुष मानला जातो. रथयात्रेच्या दिवशी आपण देह ठेवणार, असे तो बोलण्याच्या भरात सांगून बसतो. शब्द गावभर होतो, परगावचे लोक दर्शनाला लोटतात आणि आता मागे फिरण्याची वाट उरत नाही. ठरल्या दिवशी यादव आणि त्याची पत्नी दोघेही मरतात. गाव धन्य होते. शशी तेथे उभा आहे. त्याच्या वैद्यकीय नजरेला अफूची लक्षणे स्पष्ट दिसतात. तो बोलत नाही.

भारतीय कादंबरीत डॉक्टराचे मौन इतके अर्थपूर्ण क्वचितच झाले असेल. यादवने आपली सारी मालमत्ता इस्पितळासाठी ठेवलेली आहे आणि ते इस्पितळ उभारण्याचे काम शशीकडे येते. ज्या गावाने डॉक्टराच्या विद्येला पैसा दिला नसता, त्या गावात एका बनावट चमत्काराच्या पैशातून शास्त्रीय वैद्यकाची इमारत उभी राहते, आणि तिचा पाया कशाचा आहे हे केवळ डॉक्टराला ठाऊक आहे. शशीचे मौन भेकडपणाचे म्हणावे की शहाणपणाचे, याचा निवाडा माणिकबाबू करीत नाहीत. यादवच्या बाजूने पाहिले तर त्याने शब्द पाळला आहे. पत राखण्यासाठी प्राण देणे याहून मोठे उत्तरदायित्व नाही. आणि तरीही ती फसवणूक आहे. मशाय आणि यादव यांना शेजारी उभे केल्यावर दिसते की मृत्यूचे भाकीत ही लोकविश्वास मिळविण्याची फार जुनी आणि फार धोक्याची रीत आहे. एकाच्या बाबतीत तिच्यामागे ज्ञान होते, दुसऱ्याच्या बाबतीत अफू होती. गर्दीला दोन्ही सारखेच दिसले असते.

बंगाली कादंबऱ्यांतील ही गावे निदान आपल्या वैद्याला ओळखतात. वैद्यक जेथे बाहेरून, अनोळखी माणसांच्या हातून आणि सरकारच्या सोबतीने येते तेथे काय घडते, हे पाहण्यासाठी पूर्णिया जिल्ह्यातील मेरीगंजला, म्हणजे 'मैला आँचल'कडे वळावे लागते. या कादंबरीचा आरंभ भारतीय आरोग्यसेवेच्या इतिहासातील एका प्रकरणाचे शीर्षक शोभावा असा आहे. गावात बातमी पसरते की लष्कर आले आहे आणि धरपकड सुरू झाली आहे. १९४२ च्या दडपशाहीची आठवण ताजी, गाव घाबरते. प्रत्यक्षात डिस्ट्रिक्ट बोर्डाची माणसे मलेरिया केंद्राची जागा पाहावयास आलेली असतात. दवाखाना गावात पाऊल टाकतो तो फौजेच्या वेशात. रेणू यावर भाष्य करीत नाहीत, विनोदाने पुढे जातात. परंतु पुढील चारशे पानांतील सारा अविश्वास या एका गैरसमजात साठविलेला आहे, आणि तो गैरसमज अकारण नाही. सरकार नावाची जी वस्तू या लोकांनी पाहिली होती, ती पकडून नेणारी होती. बरे करणारी त्यांनी पाहिली नव्हती.

पाटण्याहून वैद्यक शिकून डॉक्टर प्रशांत येथे संशोधनासाठी येतो, तेव्हा गावचा ज्योतिषी सांगू लागतो की डॉक्टरच रोग पसरवितात, विहिरीत औषध टाकून गावेच्या गावे पटकीने मारतात. हिंदी समीक्षेत या पात्राचे वर्णन अंधश्रद्धेचा पुतळा असे होत आले. वस्तुतः या अफवेला दीर्घ इतिहास आहे आणि त्यातील काही पाने मुंबईची आहेत. १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या पहिल्या साथीत, मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही हा त्यांचा अनुभव होता. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई घराघरांत शिरले, आणि जूनमध्ये रँडचा खून झाला. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लसीची एक बाटली दूषित झालेली होती. सुईत मृत्यू असतो ही वदंता तेवढ्यापुरती वदंता राहिली नाही. हाफकिनच्या लसीने असंख्य जीव वाचविले हे सत्य आहे; पण वाचलेला माणूस आपण लसीमुळे वाचलो हे जाणत नाही, आणि मेलेल्या १९ जणांची नावे गाव जाणते. प्रतिबंधक वैद्यकाची ही मूळचीच अडचण आहे. त्याचे यश अदृश्य आणि अपयश ठळक असते; 'हातगुण' या शब्दाला तेथे वावच नसतो.

रेणूंच्या कादंबरीतील एक प्रसंग या संदर्भात पुरेशा गांभीर्याने वाचला गेलेला नाही. पटकीची साथ येते, लोक सुई टोचून घेण्यास तयार नाहीत. कालीचरण हा तरुण समाजवादी कार्यकर्ता आणि त्याची पोरे डॉक्टराच्या मदतीला येतात, आणि बाजाराच्या दिवशी लोकांना अडवून लस टोचली जाते. साथ आटोक्यात येते. डॉक्टराचे नाव होते. लेखकाची सहानुभूती उघडपणे डॉक्टराकडे आहे आणि वाचकही सुटकेचा निःश्वास टाकतो. तरीही, लष्कर आले म्हणून भ्यालेल्या ज्या गावापासून कादंबरी सुरू झाली, त्याच गावाला आता हितासाठी घेरले आहे, ही संगती नजरेआड करता येत नाही. रेणूंनी ती जाणून घातली की कथेच्या ओघात ती घडून गेली, हे ठरविणे कठीण आहे. त्यांचा कल पाहता दुसरी शक्यता अधिक. एवढे मात्र म्हणता येते की जबरदस्ती यशस्वी झाल्यानंतर मिळालेला विश्वास आणि आधी मिळालेला विश्वास यांतील फरक या कादंबरीला जाणवलेला नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या शिबिरांसाठी माणसे धरून नेली गेली, तेव्हा तो फरक साऱ्या उत्तर हिंदुस्थानाला जाणवला, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे आरोग्यसेवकाकडे गावाने कोणत्या नजरेने पाहिले ते सर्वविदित आहे.

प्रशांतची पत अखेर कशाने बसते? तो राहतो म्हणून. मोठ्या संधी सोडून आलेला हा माणूस प्रयोगशाळेत जंतू शोधता शोधता या निष्कर्षाला येतो की या भागातील खरे रोगजंतू दारिद्र्य आणि अज्ञान हे आहेत. हा शोध त्याला तपासणीच्या काचेखाली लागत नाही, गावात राहून लागतो. आणि विपरीत हे की गावाचा विश्वास बसल्यावर सरकारचा उडतो. राजकीय संशयावरून त्यालाच अटक होते. दवाखाना पाठविणाऱ्या सत्तेला दवाखान्यात रमलेला डॉक्टर धोक्याचा वाटू लागतो, हे निरीक्षण १९५४ साली करणारा लेखक भाबडा म्हणता येणार नाही.

या तीन कादंबऱ्यांच्या कडेला प्रेमचंदांची 'मंत्र' ही कथा ठेवण्याचा मोह होतो, कारण शालेय पाठ्यपुस्तकांमुळे डॉक्टरांविषयीच्या हिंदी मनाची घडण कुणी केली असेल तर तिने. डॉक्टर चड्ढा गोल्फ खेळावयास निघालेले आहेत. म्हातारा भगत मरणासन्न मुलाला घेऊन दारी येतो. उद्या सकाळी ये, असे सांगून डॉक्टर मोटारीत बसतात. मुलगा त्याच रात्री जातो. पुढे डॉक्टरांच्या मुलाला साप चावतो आणि भगत मंत्राने त्याला उठवितो, मोबदला न घेता निघून जातो. नीतिकथा म्हणून हिची पकड जबरदस्त आहे. परंतु समीक्षेने एक गैरसोयीचा प्रश्न विचारावयास हवा होता. भगताचा चांगुलपणा सिद्ध करण्यासाठी कथेला मंत्र खरा ठरवावा लागला आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील अनेकांचा पहिला, मोलाचा तास मांत्रिकापाशी गेलेला असतो. डॉक्टराची निष्ठुरता आणि मंत्राची निष्फळता ही दोन्ही सत्ये एकाच कथेत सामावणे प्रेमचंदांना जमले नाही. ताराशंकरांना ते जमले, हा त्यांच्यातील फरक आहे. मतिची आई डॉक्टरामुळे वाचते, हे मान्य करूनही मशाय उंच राहतो.

मराठीकडे वळल्यास चित्र वेगळे दिसते, आणि ते वेगळेपण विचारात घेण्याजोगे आहे. वैद्यकावरील विश्वास आणि अविश्वास यांविषयीचे मराठीतील प्रभावी लेखन कादंबरीत फारसे नाही. ते डॉक्टरांनी स्वतः केलेल्या गद्यलेखनात आहे. डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने वैद्यकीय व्यवसायातील गैरव्यवहार आतून उघडे केले, डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिताना रुग्णाची खाट स्वीकारली; डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा'त हेमलकशाच्या माडिया लोकांनी १९७३ नंतर हळूहळू टाकलेला विश्वास नोंदविलेला आहे, आणि तोही राहण्यातून आलेला. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७५ हून अधिक डॉक्टरांना बोलते करून कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या आणि अनावश्यक शस्त्रक्रिया यांची हकीकत २०१६ मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने देशभरच्या वाचकांपुढे मांडली. 'कट' हा शब्द येथे आवर्जून नोंदवावा. रुग्ण पाठविल्याबद्दल पाठविणाऱ्या डॉक्टराला मिळणारा हा वाटा सामान्य रुग्णालाही आता नावानिशी ठाऊक आहे, आणि 'हातगुण' हा शब्द ज्या भाषेने घडविला त्याच भाषेच्या बोलण्यात तो रुळला आहे.

आत्मपरीक्षणाची ही परंपरा मोठी आहे. अन्य भारतीय भाषांनी हेवा करावा अशी आहे. पण तिची एक मर्यादा तिच्या घडणीतच आहे. तिच्यात बोलणारा डॉक्टर असतो. चांगला डॉक्टर वाईट डॉक्टराविषयी बोलतो, आणि वाचकाचा विश्वास एका डॉक्टरावरून उठून दुसऱ्यावर बसतो. आधार मिळाल्यासारखे वाटते. व्यवस्था मात्र होती तेथेच राहते. रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना या लेखनात स्वर मिळतो तो उदाहरणापुरता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हा रुग्णाला बोलण्याची एक जागा मिळाली. परंतु तेथे त्याला ग्राहक म्हणून बोलावे लागते, आणि नुकसानभरपाई हीच तेथली भाषा. त्या भाषेत आतरबौचा प्रश्न मांडता येत नाही. दुसरी जागा रस्त्याची. २०१९ च्या जूनमध्ये कलकत्त्याच्या एका सरकारी इस्पितळात रुग्णाच्या मृत्यूनंतर शिकाऊ डॉक्टरांवर हल्ला झाला आणि देशभरच्या डॉक्टरांनी काम बंद ठेवले. वृत्तपत्रांत हे नातेवाईक 'जमाव' या एका शब्दात येतात. मेरीगंजचा ज्योतिषीही असाच एका शब्दात संपविला गेला होता.

रुग्णाच्या बाजूने ही गोष्ट सांगणे सोपे नाही, याची साक्ष ताराशंकरांसारख्या समर्थ लेखकाच्या पानांतच मिळते. ज्या स्त्रीच्या पायावरून 'आरोग्यनिकेतन'मधील सारा वाद उभा राहतो, तिच्याविषयी वैद्य बोलतो, डॉक्टर बोलतो, गाव बोलते. एकाचा शब्द तिच्या वाचण्याने पडतो, दुसऱ्याचा तिच्यामुळे उभा राहतो. इतक्या मोठ्या कादंबरीत तिला स्वतःचे नाव नाही. ती मतिची आई आहे.